‘विद्याथ्र्यांना’ येतं कुठून? जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेणारा छोटा प्रोग्रॅम

मराठी बातम्यांची जुनी पानं इंटरनेटवर चाळली की ‘विद्याथ्र्यांना’, ‘कार्यकत्र्यांनी’, ‘सामथ्र्य’ असे शब्द भेटतात. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं असेल असं वाटतं, पण तसं नसतं. टाइप करणाऱ्याने ‘विद्यार्थ्यांना’ असंच टाइप केलेलं असतं आणि छापील पानावर ते बरोबर उमटलेलंही असतं. बिघाड होतो तो पुढे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत, नेताना एखादा प्रोग्रॅम अक्षरांचे नमुने शोधतो आणि बदलतो. त्यातला एक नियम अपुरा राहिला की हजारो पानांवर एकच चूक पसरते.

असा प्रोग्रॅम लिहिणं अवघड नाही. पायथनसारखी भाषा थोडी येत असेल तर तो शंभरेक ओळींत बसतो. घरोघरी, छापखान्यांत, संस्थांच्या कपाटांत दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास, पीएचडीचे प्रबंध अजून जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. ते शोधता येत नाहीत, मोबाइलवर वाचता येत नाहीत आणि फॉन्ट हरवला तर कुठेच वाचता येणार नाहीत. म्हणून हे काम नीट कसं करायचं ते सविस्तर सांगतो. फाइलमधले नमुने बदलण्याचं कुठलंही काम असलं तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी जुन्या फॉन्टमध्ये नेमकं काय चालतं ते पाहू. संगणक अक्षरं साठवत नाही, अंक साठवतो. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा अंक आहे, ‘ळ’ला स्वतःचा आहे, देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखलेला आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण ती आपल्याकडच्या डीटीपीच्या टेबलांवर पोचायला बराच काळ गेला. तोपर्यंत फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक सोय केली होती. फाइलमध्ये अंक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी देवनागरी आकार काढायचा. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ असं दिसतं तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, कॅपिटल बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो अर्थहीन रोमन मजकूर.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम, एपीएस या सगळ्या फॉन्टसंचांचं तत्त्व हेच, पण कुठल्या अंकावर कुठला आकार हे प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे एका फॉन्टसाठी केलेली यादी दुसऱ्याला चालत नाही. इथे उदाहरणं कृतिदेवची घेतो, कारण त्याची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरवरून आलेली आहे आणि टायपिंग शिकलेल्या अनेकांच्या बोटांत ती अजून आहे.

प्रोग्रॅमचा सांगाडा मराठीतच लिहिला तर असा दिसेल:

जोड्या = बदलांची यादी, लांब नमुने आधी
प्रत्येक मूळ फाइलसाठी:
मजकूर = फाइल वाच
मजकूर = जोड्या लावून बदल
मजकूर = वेलांट्या जागेवर ने
मजकूर = रफार जागेवर ने
मजकूर = ‘ऱ’ सगळीकडे एकाच पद्धतीने लिही
मजकूर नव्या फोल्डरमध्ये साठव
उरलेल्या रोमन अक्षरांच्या ओळी वेगळ्या यादीत टाक

बहुतेक जण सगळी मेहनत पहिल्या ओळीतल्या यादीवर करतात. यादी लागतेच, पण ती संयमाने कुणालाही करता येते. प्रोग्रॅम चांगला की वाईट हे ठरतं क्रमावरून: कुठला बदल आधी, कुठला नंतर आणि बदललेल्या तुकड्यावर पुन्हा हात पडतो की नाही.

दोन उदाहरणं घेऊ. कृतिदेवमध्ये के म्हणजे काना आणि एस म्हणजे मात्रा. के आणि एस लागोपाठ आले की ‘ो’. यादीत एकट्या केचा नियम आधी असेल तर प्रोग्रॅम काना टाकून मोकळा होतो, मग एसची मात्रा टाकतो. फाइलमध्ये ‘ो’ या एका चिन्हाऐवजी ‘ा’ आणि ‘े’ अशी दोन चिन्हं शेजारी बसतात. काही फॉन्टमध्ये ती दिसायला ‘ो’सारखीच दिसतात. डोळ्यांना चूक सापडत नाही, पण ‘लोक’ शोधलं तर तो शब्द हाती लागत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो ‘लोक’ नाहीच. ‘अ’ आणि काना मिळून होणाऱ्या ‘आ’चंही तसंच. म्हणून लांब नमुना नेहमी आधी.

दुसरं उदाहरण स्वल्पविरामाचं. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या अंकावर ‘ए’ बसवलेला आहे आणि खरा स्वल्पविराम हवा असेल तर उजवा चौकोनी कंस दाबावा लागतो. आता यादीत ‘चौकोनी कंसाचा स्वल्पविराम कर’ हा नियम वर आणि ‘स्वल्पविरामाचा ए कर’ हा खाली असेल, तर लेखातल्या प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ उमटेल. पूर्णविरामाचीही अशीच गत, कारण त्याच्या अंकावर अर्धा ‘ण’ आहे.

अशा वेळी नियम वरखाली करत बसण्यापेक्षा पद्धतच बदलावी. प्रत्येक नियमासाठी अख्खा मजकूर पुन्हा पुन्हा फिरण्याऐवजी मजकुरातून एकदाच डावीकडून उजवीकडे जायचं. प्रत्येक जागी उभं राहून पाहायचं की इथून सुरू होणारा यादीतला सर्वांत लांब नमुना कुठला. तो सापडला की त्याच्या बदल्यातलं अक्षर नव्या मजकुरात लिहायचं आणि पुढे जायचं. जे लिहून झालं त्याकडे वळून पाहायचं नाही. मग कंसापासून झालेला स्वल्पविराम पुन्हा ‘ए’ होऊच शकत नाही. पायथनमध्ये हे एका ओळीत होतं: सगळे नमुने ‘किंवा’ने जोडून एक मोठा नमुना करायचा आणि जुळलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी यादीत पाहून उत्तर द्यायचं. एक भान ठेवायला हवं. पायथन आणि पर्ल या भाषा ‘किंवा’च्या पर्यायांपैकी आधी लिहिलेला आणि जुळणारा पर्याय उचलतात, तो लांब आहे की आखूड हे बघत नाहीत. लिनक्सवरची मजकूर बदलणारी सेड ही आज्ञा मात्र सर्वांत लांब जुळणी घेते. त्यामुळे पायथनमध्ये नमुने लांबीनुसार लावणं आपल्यालाच करावं लागतं.

‘नमुना’ हा शब्द मी सारखा वापरतोय, त्याचा अर्थही नीट पाहू. प्रोग्रॅमरांच्या तोंडी याला रेजेक्स म्हणतात, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. १९५०च्या दशकात स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने ही कल्पना मांडली. केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली मजकूर शोधण्यासाठी ती वापरण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे युनिक्स या संगणकप्रणालीवरची ग्रेप ही शोधाची आज्ञाही त्यानेच लिहिली. ‘कुठलंही व्यंजन’, ‘शून्य किंवा अधिक वेळा’, ‘यापैकी एक’, ‘ओळीच्या सुरुवातीला’ अशा अटी दोन-चार चिन्हांत लिहिता येतात, ही या भाषेची ताकद. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे शून्य किंवा अधिक वेळा, चौकोनी कंसात लिहिलेल्या अक्षरांपैकी एक, उभी रेघ म्हणजे किंवा.

आणि इथेच जुने फॉन्ट खिंडीत गाठतात. कृतिदेवमध्ये टिंब हा अर्धा ‘ण’ आहे, डावा चौकोनी कंस अर्धा ‘ख’ आहे आणि उभी रेघ म्हणजे ‘द्य’. पूर्ण ‘ण’ साठवला जातो तो टिंब आणि के असा. हे जसंच्या तसं नमुना म्हणून दिलं, तर संगणक त्याचा अर्थ ‘कुठलंही अक्षर आणि त्यापुढे के’ असा घेतो. मजकुरात जिथे जिथे काना आहे तिथे त्याच्या आधीचं अक्षर गिळून ‘ण’ उमटतो. ‘माझा गाव’मधला शेवटचा ‘व’ सोडला तर काही शिल्लक राहत नाही. त्यावर उपाय असा की यादीतल्या प्रत्येक नमुन्याला पळवाट चिन्ह लावून घ्यायचं, म्हणजे त्या चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ टाकून ‘याचा विशेष अर्थ घेऊ नकोस’ असं सांगायचं. पायथनमध्ये हे करून देणारी तयार सोय आहे. हाताने करू नये.

लहान आणि कॅपिटल अक्षरांतला फरकही जपायला हवा. लहान एफ ही ऱ्हस्व वेलांटी, कॅपिटल एफ हा अर्धा ‘थ’. शोधताना ‘लहान-मोठं सारखं समज’ हा पर्याय चालू राहिला तर सगळा लेख वाया जातो. आणखी एक बारकी गोष्ट: ‘श’ साठवला जातो तो सरळ एकेरी अवतरणचिन्ह आणि के असा. वर्ड हे सरळ चिन्ह आपणहून वाकड्या चिन्हात बदलतो. म्हणून ‘श’साठी सरळ, डावं वाकडं आणि उजवं वाकडं अशा तिन्ही जोड्या यादीत हव्यात, दुहेरी अवतरणापासून होणाऱ्या ‘ष’साठीही तशाच.

आता वेलांटी आणि रफार. सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

जुने फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून कृतिदेवमध्ये ती आधी टाइप होते. युनिकोडमध्ये मात्र आधी व्यंजन, मग वेलांटी. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो एफ, कॅपिटल एल, कॅपिटल एफ, के, आर, एच असा आहे: वेलांटी, अर्धा स, थ, त, दीर्घ वेलांटी. ‘वेलांटी पुढच्या एका व्यंजनानंतर ने’ असा नियम केला तर ती ‘स’लाच चिकटेल आणि शब्द तुटेल. नियम असा हवा: वेलांटी, त्यापुढे पाय मोडलेली व्यंजनं शून्य किंवा कितीही, त्यापुढे एक पूर्ण व्यंजन, हा सगळा गट आधी लिही, मग वेलांटी. मी यादीतून लहान एफ वगळतो आणि वेलांटीच्या या टप्प्यापर्यंत तो रोमनच ठेवतो. त्यामुळे कुठली वेलांटी जागेवर गेली आणि कुठली राहिली याचा गोंधळ होत नाही. शेवटी मजकुरात एखादा एफ उरलाच, तर टाइप करतानाच काहीतरी चुकलं होतं हे लगेच कळतं.

रफार याच्या उलट. तो उच्चारात आधी येतो, पण दिसतो अक्षराच्या डोक्यावर, म्हणून टाइप होतो सगळ्यात शेवटी. कृतिदेवमध्ये त्यासाठी कॅपिटल झेड आहे. ‘धर्म’मध्ये ध, म, झेड. ‘धर्माचा’मध्ये ध, म, काना, झेड, च, काना. म्हणजे झेडला मागे जाताना आधी काना ओलांडायचा आहे आणि मग म.

‘विद्यार्थ्यांना’मध्ये रफाराच्या आधी असतं ते असं: अर्धा थ, य, काना, अनुस्वार. झेडला अनुस्वार ओलांडायचा, काना ओलांडायचा, य ओलांडायचा आणि त्याला जोडलेला अर्धा थही ओलांडायचा. ज्या प्रोग्रॅमरने ‘काना-मात्रा आणि एक व्यंजन ओलांड’ एवढाच नियम लिहिला, त्याचा रफार य ओलांडून थांबला आणि थ आणि य यांच्या मध्ये घुसला. झालं ‘थ्र्यां’. ‘धर्म’, ‘कार्य’, ‘सर्व’ हे शब्द त्याच नियमाने अगदी बरोबर येतात, म्हणून चाचणीच्या वेळी कुणाला शंका येत नाही. जोडाक्षरावर रफार आला की घात होतो: अर्ध्या, कार्यकर्त्यांनी, सामर्थ्य. पूर्ण नियम असा: पाय मोडलेली व्यंजनं शून्य किंवा कितीही, मग एक पूर्ण व्यंजन, मग काना-मात्रा-वेलांटी असेल तर ती, मग अनुस्वार असला तर तो, मग झेड, या सगळ्याच्या आधी ‘र्’ लिही आणि झेड काढून टाक. नमुना डावीकडून जुळत जातो, त्यामुळे अर्धा थ गटात आपोआप येतो.

टाइप करणाऱ्यांची सवयही लक्षात घ्यावी लागते. रफार आणि अनुस्वार दोन्ही डोक्यावर, त्यामुळे कुणी आधी अनुस्वार देतो, कुणी आधी रफार. कागदावर फरक दिसत नाही, फाइलमध्ये असतो. अनुस्वार झेडच्या मागे असो वा पुढे, नियमाने दोन्ही स्वीकारायला हवेत.

मराठीत याच्या जोडीला आणखी एक नाजूक जागा आहे, आणि हिंदीसाठी केलेले तयार कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एकावर रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिलेला आढळतो: ‘ऱ’ला पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना वेगळे. दुसऱ्या पद्धतीतलं अदृश्य चिन्ह काही प्रोग्रॅम ‘कचरा’ समजून पुसतात, आणि मग सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो. मी पहिली पद्धत वापरतो, आणि रफाराचं काम झाल्यावर दुसऱ्या पद्धतीचे सगळे र पहिल्यात बदलून घेतो.

फाइल उघडण्याबद्दल थोडं. जुनी फाइल बहुधा विंडोज-१२५२ या संकेतपद्धतीत असते, नवी आपल्याला यूटीएफ-८मध्ये हवी असते. ही यूटीएफ-८ पद्धतही १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच आखलेली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून फाइल फुगली तर घाबरू नये. वाचताना जुनी पद्धत आणि लिहिताना नवी पद्धत प्रोग्रॅममध्ये स्पष्ट नोंदवावी. नाहीतर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसू लागतं, आणि ती फाइल तशीच साठवली तर मूळ अक्षर कायमचं गेलं. मूळ फाइलवर कधीच लिहू नये. सेडमध्ये जागच्या जागी बदल करण्याची सोय आहे, पण अशा कामाला ती वापरू नये.

मजकुरात मधूनमधून खरं इंग्रजी असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते ओळखायला मार्गच नसतो. प्रोग्रॅम त्याचीही देवनागरी करून टाकतो. वर्डच्या डॉकएक्स फाइलमध्ये मात्र आशा आहे. ती आतून झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींची बनलेली असते आणि प्रत्येक तुकड्याला कुठला फॉन्ट लावला आहे ते तिथे लिहिलेलं असतं. फक्त कृतिदेव लावलेले तुकडे बदलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. टेक्स्ट म्हणून साठवण्याआधी ही माहिती वापरून घ्यावी, कारण एकदा टेक्स्ट केलं की ती परत मिळत नाही.

शेवटी, आधीच बिघडलेल्या मजकुराचं काय? मूळ फाइल हाताशी नाही आणि समोर ‘विद्याथ्र्यांना’ आहे, अशी वेळ बऱ्याचदा येते. ‘थ्र्य’ हा जोड मराठीच्या कुठल्याही शब्दात येत नाही, त्यामुळे ‘थ्र्य’ दिसेल तिथे बेलाशक ‘र्थ्य’ करावं. ‘सामथ्र्य’सुद्धा त्यातच दुरुस्त होतं. हाच उत्साह ‘त्र्य’वर दाखवला तर ‘कार्यकत्र्यांनी’ सुधारेल, पण ‘स्वातंत्र्य’, ‘चारित्र्य’, ‘पावित्र्य’ आणि त्र्यंबकेश्वर सगळे मोडतील. तिथे आखूड नमुना चालत नाही, सोबत संदर्भ घ्यावा लागतो: ‘कार्यकत्र्य’चं ‘कार्यकर्त्य’. उरलेले ‘त्र्य’ असलेले शब्द वेगळे काढून, एकेक रूप एकदाच दाखवणारी यादी छापून घ्यावी. ती डोळ्यांखालून घालायला फार वेळ लागत नाही.

हे करताना अख्खा शब्द शोधण्याची जी सोय असते तिच्यावर विसंबू नये. पायथनची नेहमीची रेजेक्स काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘फक्त घर हा पूर्ण शब्द बदल’ असं सांगितलं तरी ती ‘घरी’ आणि ‘घरात’मधलं ‘घर’ही बदलते, कारण तिच्या लेखी शब्द ‘र’पाशीच संपला. त्याऐवजी अट स्वतः लिहावी: या तुकड्याच्या आधी आणि नंतर देवनागरी पट्ट्यातलं कुठलंही चिन्ह नसावं. तेवढी अट घातली की ‘घर’ बदलतं आणि ‘घरी’ जसं होतं तसं राहतं.